नकाशा देशाचं नशीब ठरवतो का? सह्याद्रीच्या दोन उतारांवरून दिलेलं उत्तर

प्रश्न असा आला आहे: भूगोल एखाद्या देशाची अर्थव्यवस्था, राजकारण आणि समाज कसा घडवतो, आणि कोण गरीब राहणार, कोण श्रीमंत होणार हे नकाशावरच ठरलेलं असतं का? विचारणारा विद्यार्थी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. पुस्तकांत त्याला दोन उत्तरं सापडली. एक म्हणतं, डोंगर, नद्या आणि हवामान यांच्यावरच सगळं अवलंबून. दुसरं म्हणतं, माणसानं मनावर घेतलं तर भूगोल आडवा येत नाही. मला दोन्ही अपुरी वाटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी भूजलाच्या क्षेत्रात काम करतो. विहिरी, बोअर, पाणलोट आणि खडकाच्या भेगा यांतच माझं नोकरीतलं आयुष्य गेलं, त्यामुळे उदाहरणही मला नीट माहीत असलेलंच देतो. महाराष्ट्र हा देश नव्हे, हे मान्य. पण त्याचं क्षेत्रफळ सुमारे 3 लाख 8 हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे इटलीपेक्षा थोडं जास्तच, आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. देशाला लागू पडणारं सगळं इथे तपासून बघता येतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भूगोल अडचण आणि संधी पुढ्यात ठेवतो, निर्णय माणसं घेतात. पण ते निर्णय एकदा दगड-सिमेंटमध्ये बांधले गेले की दोन-तीन पिढ्यांनी लोकांना तेच निसर्ग वाटू लागतात. भूगोलाचा अभ्यास म्हणजे निसर्गानं केलेलं आणि माणसानं केलेलं हे दोन थर वेगळे करणं. ते केलं नाही, तर माणसानं केलेला अन्याय ‘नैसर्गिक’ म्हणून खपून जातो.

निसर्गाचा थर आधी बघू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले आणि राज्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग बेसॉल्ट खडकाखाली गेला. या खडकानं आपल्याला काळी कसदार माती दिली, जी ओल धरून ठेवते आणि कापूस, ज्वारी, हरभरा पिकवते. पण पाणी साठवण्याच्या बाबतीत हा खडक फार कंजूष आहे. गंगेच्या गाळाच्या मैदानात पाणी शेकडो फूट खोल वाळूच्या थरांत साठतं. आपल्याकडे ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या फटींत तेवढं राहतं, खाली काळा कातळ लागला की संपलं. म्हणून पंजाबची ट्यूबवेलवर उभी राहिलेली शेती इथे जशीच्या तशी उभी राहू शकत नाही. पंजाबशी तुलना करून आपल्या शेतकऱ्याला आळशी ठरवणारे लोक भेटले की मला खरोखर राग येतो.

दुसरी गोष्ट पाऊस. सह्याद्रीची भिंत समुद्रापासून साधारण 30 ते 60 किलोमीटरवर उभी आहे. नैऋत्य मोसमी वारे तिच्यावर आदळून वर चढतात, थंड होतात आणि जवळचं पाणी तिथेच टाकून देतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या, डोंगराआडच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या माण आणि खटावला 500 मिलिमीटरच्या आसपास. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक, पण पावसात दहापटीचा फरक.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीच आहे. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे 80 किलोमीटर. पण ती पाठ फिरवून जवळपास 1,465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. कृष्णा आणि भीमाही पूर्वेकडेच जातात. म्हणजे पावसानं दुजाभाव केला, पण नद्यांनी भरपाई केली. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी कोरड्या पूर्वेकडे आपोआप, पंपाशिवाय वाहत जाईल, अशी ही रचना आहे. पुढचा सारा इतिहास म्हणजे हे वाहणारं पाणी कुणी कुठे अडवलं आणि कुणीकडे वळवलं, याचा इतिहास.

घाटांबद्दल थोडक्यात. किल्ले, अरुंद खिंडी आणि मावळची दरीखोरी नसती तर सतराव्या शतकातलं छापामार युद्ध शक्य झालं नसतं, हे शाळेत सगळेच शिकतात. त्यापेक्षा कमी बोललं जातं ते रेल्वेबद्दल. 1863 साली बोरघाटातून आणि 1865 साली थळघाटातून रूळ गेले. खानदेश आणि वऱ्हाडातला कापूस थेट मुंबईच्या गोदीत येऊ लागला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 पासून कापसाचा भाव भडकलाच होता. उत्तम नैसर्गिक बंदर मुंबईकडे आधीपासून होतं, पण त्या बंदरामागे सह्याद्रीची भिंत होती. भिंतीला भोकं पाडल्यावरच ते बंदर देशाचं झालं. ती भोकं पाडताना घाटात हजारो मजूर मेले, रोगानं आणि अपघातानं. आणि बैलांच्या तांड्यांवरून धान्य-मीठ वाहून नेणाऱ्या बंजारा समाजाचा धंदा रेल्वेनं आणि रस्त्यांनी हिरावला. त्यांच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

आता पाण्याकडे. मुंबईच्या गिरण्यांना ऊर्जा हवी होती. कोळसा लांबून आणावा लागे. घाटमाथ्यावर अफाट पाऊस, आणि पश्चिमेचा कडा सुमारे 500 मीटर सरळ खाली. अभियंत्यांना हा उतार म्हणजे आयती संधी वाटली. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधली, पाणी पूर्वेकडे जाऊ न देता कड्यावरून पश्चिमेला सोडलं आणि 1915 साली खोपोलीला वीज तयार होऊ लागली. 1922 मध्ये भिवपुरी, 1927 मध्ये भिरा. हे सगळं पाणी भीमेच्या खोऱ्यातलं. इंद्रायणी, आंध्रा, मुळा यांतून ते पुढे दौंड, इंदापूर, सोलापूरकडे गेलं असतं.

भिऱ्याची वीज ज्या मुळशी धरणातून येते, त्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरणाविरुद्धचा हा देशातला अगदी सुरुवातीचा संघटित लढा. मावळातल्या भातशेतकऱ्यांनी जमिनी वाचवायला सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, हरले. भूगोल राजकारण कसं घडवतो याचं हे मला सर्वांत स्वच्छ उदाहरण वाटतं. एकाच उतारात कुणाला वीज दिसली, कुणाला आपलं खाचर दिसलं. खालच्या अंगाच्या सोलापूरकराला मात्र त्या वेळी कुणी विचारलंही नाही.

स्वातंत्र्यानंतर कोयनेनं हेच आणखी मोठ्या प्रमाणावर केलं. कृष्णा खोऱ्यातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन पोफळी-अलोरे भागात वीज होते आणि पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट. कृष्णा पाणीवाटप लवादानं त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवायला मान्यता दिली. महाराष्ट्राचं औद्योगीकरण या विजेवर झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण माण-आटपाडीतला माणूस दुष्काळाला देवाची करणी म्हणतो, तेव्हा त्याच्या वाट्याच्या खोऱ्यातलं किती पाणी वर्षभर डोंगरापलीकडे जातं, हे त्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पूर्वेकडे जाणाऱ्या उरलेल्या पाण्याचं काय झालं, ती गोष्ट उसाची आहे आणि ती जरा तपशिलात सांगण्याजोगी आहे. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यापाठोपाठ 1876-78 चा भीषण दुष्काळ आला. इंग्रज सरकारनं नीरा कालव्यासारखी कामं केली ती दुष्काळापासून संरक्षण म्हणून, ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. पण पाऊस बरा झाला की शेतकरी पाणीपट्टी भरून ज्वारीला पाणी घ्यायला तयार नसे. कालवे तोट्यात जाऊ लागले. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली: ठरावीक क्षेत्रात ठरावीक वर्षांसाठी पाण्याची हमी, त्यात उसालाही जागा. सरकारी हिशेब जमला. दुष्काळाचं पाणी उसाचं होण्याची सुरुवात त्यातून झाली. दुष्टपणानं नव्हे, तोटा भरून काढण्याच्या साध्या गरजेतून.

1926 पर्यंत भंडारदरा धरण पूर्ण झालं आणि प्रवरा काठ हिरवा झाला. त्याच काठावर विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून 1950-51 च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. शेतकऱ्यांनी स्वतः भागभांडवल घालून उभा केलेला कारखाना ही फार मोठी गोष्ट होती, आणि आजच्या सहकारातलं सडकं बघून तिचं मोल कमी लेखू नये. कारखान्याभोवती शाळा, दवाखाना, पतसंस्था, कॉलेज उभं राहिलं. कारखान्याचा चेअरमन आमदार झाला, आमदार मंत्री झाला. 1960 नंतरची काही दशकं राज्याच्या सत्तेचा नकाशा आणि कालव्यांचा नकाशा एकमेकांवर ठेवून बघा, बरेच ठिकाणी रेषा जुळतात.

आणि इथेच चाक उलटं फिरू लागलं. आधी पाणी होतं म्हणून ऊस आला, नंतर ऊस होता म्हणून पाणी आलं. ज्याच्याकडे कारखाना, त्याच्याकडे सत्ता. ज्याच्याकडे सत्ता, त्याच्या कालव्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, वेळेवर. शिवाय उसाला दराची आणि खरेदीची हमी, ज्वारी-तुरीला ती प्रत्यक्षात कधीच तशी मिळाली नाही. मग शेतकऱ्यानं ऊस लावला तर त्याला दोष कसा देणार? सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात आज इतके साखर कारखाने आहेत, याचं उत्तर मातीत किंवा पावसात शोधून मिळणार नाही.

या व्यवस्थेचा दुसरा काठ बीडमध्ये आहे. बीड, आष्टी, शिरूर कासार आणि शेजारच्या जिल्ह्यातलं पाथर्डी हा बालाघाटाच्या डोंगरातला हलक्या जमिनीचा, कमी पावसाचा भाग. दिवाळीच्या सुमारास इथली गावंच्या गावं रिकामी होतात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, पाडव्याच्या आसपास परततात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ असा हिशेब. एक आजारी पडलं तर दोघांचा खाडा. त्यातून बालविवाह वाढतात, कारण जोडी असेल तरच उचल मिळते. मुलांची शाळा तुटते. 2019 साली या भागातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण बाहेर आलं, तेव्हा राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. या टोळ्यांमध्ये वंजारी आणि बंजारा समाजाची माणसं मोठ्या संख्येनं आहेत. ज्यांच्या पूर्वजांची वाहतूक रेल्वेनं मोडली, त्यांचे वंशज आज बैलगाडीतून दुसऱ्याचा ऊस वाहतात. गोपीनाथ मुंडे यांच्यासारखं नेतृत्वही याच कामगारांच्या प्रश्नावर उभं राहिलं. पर्जन्यछायेतून स्थलांतर, त्यातून कुटुंबाची घडण, त्यातून मतदारसंघ: साखळी अशी जोडली जाते.

याच खडकाळ, कोरड्या पट्ट्यानं देशाला एक मोठा कायदाही दिला आहे, तो विसरू नये. 1972 चा दुष्काळ अनेकांच्या आठवणीत खडी फोडण्याची कामं आणि सुकडी म्हणून राहिला आहे. तेव्हाच्या कामांतून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना आकाराला आली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि खर्चासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर. मुंबईतल्या पगारातून कापलेला तो कर माणदेशातल्या पाझर तलावाला जाई. 2005 च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याचं मूळ इथे आहे. सुपीक, बारमाही पाण्याच्या प्रदेशात ही कल्पना आधी सुचली असती, असं मला वाटत नाही.

मराठवाड्याचा प्रश्न तर आता जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या पाण्याच्या भांडणाचं रूप घेऊन उभा आहे. पैठणचं जायकवाडी हे गोदावरीवर खालच्या अंगाला, आणि वर नाशिक-नगरची धरणं. वरची भरली, खालचं कोरडं, असं वारंवार व्हायला लागलं. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानं खोऱ्यातल्या सगळ्यांना तूट सारखी वाटून घ्यायला लावली, पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2016 मध्ये न्यायालयानंही समन्यायी वाटपाच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं. कृष्णेच्या काठावरून गोदावरीच्या खोऱ्याला रुळांवरून पाणी! विभागीय अनुशेष (मागे पडलेल्या विभागांच्या विकासाची तूट), तो भरून काढण्यासाठीची वैधानिक विकास मंडळं, विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याचा 1953 चा नागपूर करार, अनुशेष मोजणारी दांडेकर समिती या सगळ्या शब्दांच्या मुळाशी बऱ्याच अंशी हाच सिंचनाचा हिशेब आहे.

पाऊस म्हणजेच समृद्धी असं वाटत असेल तर कोकण बघा. 2,500 ते 3,500 मिलिमीटर पाऊस, आणि एप्रिल-मे महिन्यात वाडीवर टँकर. कारण जांभा खडक पाणी झटपट गाळून देतो आणि उतार ते समुद्राला पोचवतो. जमिनीचे तुकडे लहान, नद्या आखूड, खाड्यांनी किनारा कापलेला. म्हणून कित्येक पिढ्या कोकणचं अर्थकारण मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरवर चाललं. पुरुष चाळीत, बाई गावात. 1982 च्या संपानं गिरण्या कोसळल्या, तो धक्का लालबाग-परळइतकाच रत्नागिरी-सिंधुदुर्गात बसला. देशातली पहिली रेल्वे 1853 मध्ये मुंबईहून ठाण्याला धावली, पण कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला 1998 उजाडलं. डोंगर आणि खाड्या हे एक कारण, हे कबूल. दुसरं कारण असं की कापूस-कोळशाइतका नफा कोकणच्या वाहतुकीत कुणाला दिसत नव्हता. बोरघाट काही सोपा नव्हता, तरी तो 1863 मध्ये झाला.

पूर्व विदर्भाबद्दल एवढंच: तिथला खडक वेगळा, पाऊस चांगला, आणि कोहळी समाजानं बांधलेल्या मालगुजारी तलावांवर भातशेती होत होती. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, गेली, ते योग्यच झालं, पण तलावांची देखभाल करणारी व्यवस्थाही सोबत गेली आणि तलाव गाळानं भरले. पाऊस तेवढाच, खडक तोच, तरी सिंचन घटलं.

उलट उदाहरणंही आहेत, आणि मी ती मुद्दाम सांगतो, नाहीतर ऐकणारा निराश होतो. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. नियम साधा आणि क्रांतिकारक: पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबानं, भूमिहीनालाही वाटा, ऊस लावायचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं सरपंच पोपटराव पवारांच्या काळात शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली, उसाला नकार दिला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवली. पाऊस या गावांत वाढला नाही. शेजारच्या गावांत पडतो तेवढाच पडतो. मात्र हे राज्यभर पसरलं नाही, कारण गाव आपल्या शिवारातलं पाणी वाटू शकतं, कालव्याचं आवर्तन आणि उसाचा भाव गाव ठरवत नाही.

आता मूळ प्रश्न दुसऱ्या कुठल्याही देशाला लावायचा असेल तर विद्यार्थी मित्रानं पावसाच्या आणि खडकाच्या नकाशावर थांबू नये. धरणं, कालवे, रेल्वे आणि खाणी कुठल्या वर्षी, कुणाच्या पैशानं, कुणासाठी झाल्या हे त्यावर मांडावं, आणि त्या वेळी नुकसान झालेल्यांचं म्हणणं कुणी ऐकलं का, हे शोधावं. तंत्र बदललं की जमिनीची किंमत बदलते, हेही ध्यानात ठेवावं. घाटमाथ्याच्या पूर्वेची चाळकेवाडीसारखी बोडकी, वाऱ्याची पठारं आज पवनचक्क्यांनी भरली आहेत, आणि पर्जन्यछायेतलं कडक ऊन आता विकण्याजोगा माल झाला आहे.

म्हणूनच घाटावरचं पाणी पुन्हा पूर्वेकडे सोडावं, वीज ऊन-वाऱ्यातून करावी, अशी मागणी होते. मला ती न्याय्य वाटते. पण तिच्या वाटेत एक गाठ आहे. भिवपुरीला वीज करून सोडलेलं पाणी उल्हास नदीत जातं आणि त्याच्या भरवशावर बदलापूर, कल्याण, डोंबिवलीसारखी शहरं उन्हाळ्यात पाणी पितात. पाताळगंगा आणि कुंडलिकेच्या काठचे कारखाने आणि गावंही अशाच सोडलेल्या पाण्यावर आहेत. एप्रिलमध्ये वाहणारी उल्हास तिथल्या माणसाला निसर्गाचीच वाटते, कारण त्याच्या आजोबांनीही ती तशीच पाहिली. तिचं उन्हाळी पाणी 1922 सालच्या निर्णयाचं आहे. ते परत मागायचं तर आधी या लाखो लोकांसाठी दुसरा स्रोत उभा करावा लागेल, आणि त्याचा खर्च वीज कंपनी, मुंबई महानगर आणि राज्य यांनी कसा वाटून घ्यायचा, या वाटाघाटीपासून सुरुवात करावी लागेल.